फोटोत खोली होती

१

नवा कॅमेरा घरात आला आणि नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो जुन्याबद्दल.

"त्याला कधी काढतेयस?"

"काढते की. घाई काय आहे?"

"एका घरात दोन कॅमेरे म्हणजे दोन सवती. आज ना उद्या झिंज्या उपटणार एकमेकींच्या."

नवरा कवळ्या बनवतो. दंतवैद्य साचे पाठवतात, हा आमच्या मागच्या खोलीत बसून त्यांवर दात बसवतो, घासतो, चकाकवतो. त्याच्या टेबलावर कायम कोणाचं तरी हसू वाळत पडलेलं असतं. त्यामुळे आमच्याकडे विनोदाला तोटा नाही, फक्त ते ऐकून घ्यायला माणूस मी एकटीच.

माझं काम घरांचे फोटो काढण्याचं. विकायला काढलेली रिकामी घरं. एजंट चावी देतो, मी जाते, खिडक्या उघडते, दिवे लावते, ट्रायपॉड उभा करून प्रत्येक खोलीचे फोटो काढते, पुन्हा सगळं बंद करून चावी परत देते. 'जरा हसा' म्हणावं लागत नाही. भिंती डोळे मिटत नाहीत. मला ते काम आवडतं, म्हणजे तेव्हा आवडायचं.

जुना कॅमेरा माझ्याकडे इतकी वर्षं होता की त्याच्या कडेचं रबर माझ्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालं होतं. विकायचा तर आधी तो अजून किती चांगला चालतो ते बघावं, म्हणून मी दोघांची परीक्षा घ्यायला बसले. ट्रायपॉड पॅसेजच्या तोंडाशी लावला. लेन्स एकच, आधी नव्याला लावली, मग काढून जुन्याला. दोन्हींनी एकेक फोटो काढला आणि मोठ्या स्क्रीनवर शेजारीशेजारी ठेवला.

आमच्या पॅसेजमध्ये डाव्या हाताला आधी स्वयंपाकघराचं दार, मग बाथरूमचं, आणि शेवटी नवऱ्याच्या कामाच्या खोलीचं. पहिल्या दोन दारांच्या चौकटी एकमेकींना इतक्या खेटून आहेत की मधे खिळा ठोकायचा तरी विचार करावा लागतो. नव्या कॅमेऱ्यात तसंच दिसत होतं.

जुन्यात त्या दोन चौकटींच्या मधे भिंत होती. फार नाही. एखादा माणूस पाठ टेकून उभा राहील, एवढी.

"लेन्सचा खेळ," नवरा म्हणाला.

"लेन्स तीच आहे."

"मग ट्रायपॉड हलला असेल."

ट्रायपॉड हलला तर कडेचं काही कमीजास्त दिसतं. जुन्या कॅमेऱ्यात चित्र थोडं आवळून येतं, थोडं पसरून येतं, हेही मला माहीत आहे. माझं पोटच त्यावर आहे. पण मधल्यामधे भिंत वाढत नाही. मी उठून पॅसेजमध्ये गेले आणि दोन चौकटींच्या मधे हात ठेवून पाहिला. तळवा मावत नव्हता.

"बघ, बघ," तो आतून ओरडला, "कॅमेऱ्याने घर वाढवून दिलं आणि बाईंना आनंद नाही!"

मी हसले. हसण्यासारखंच होतं ते.

२

ज्या एजंटासाठी मी काम करते त्यांना सगळे जुडगेकाका म्हणतात. कंबरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असतो की ते जिना चढायला लागले की तिसऱ्या मजल्यावर कळतं. ते चावी न्यायला आले तेव्हा मी नव्या कॅमेऱ्याचे पहिले फोटो त्यांना दाखवले. वाटलं, कौतुक करतील.

काका बराच वेळ फोटो पुढेमागे करत राहिले.

"ताई, घर आक्रसलं का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे फोटो झकास आहे. भिंतीवरचा डागसुद्धा दिसतोय, जो दिसायला नको होता. पण तुमच्या फोटोत घर कसं ऐसपैस दिसायचं. लोक फोटो बघूनच निम्मे घायाळ व्हायचे." त्यांनी मान हलवली. "त्या जुन्याचा हातगुणच वेगळा होता."

"तो विकायचा विचार चाललाय."

काकांच्या जुडग्याचा आवाज एकदम थांबला. "मग मला द्या. मीच काढतो फोटो. बटण दाबायला काय, माझा अंगठा रिकामाच असतो."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. आतून नवरा खोकला. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'दे की, कशाची वाट बघतेस' असा होतो.

जाताजाता काका दारात वळले. "हां, ती नर्सबाई तुमचा नंबर मागत होती. कोपऱ्यावरच्या इमारतीतलं घर घेतलं ना, ती. डोकं खाल्लंय तिने माझं. म्हणते, फोटोत एक खोली जास्त होती."

आणि ते इतके हसले की जिन्यातसुद्धा किल्ल्या बराच वेळ वाजत होत्या.

३

नर्सबाई भांडखोर नव्हती. उलट मी दारात उभी राहिल्यावर तीच ओशाळली. रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल होते.

"तुम्हाला उगाच त्रास दिला. पण मला एकदा कळू दे, चूक माझी की फोटोची."

बाहेरच्या खोलीत पलंगावर तिच्या सासूबाई पाय हलवत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, तरतरीत. "सून म्हणते खोली हरवली," त्या मला म्हणाल्या. "खोली म्हणजे काय चष्मा आहे का गं हरवायला? मी म्हटलं, कपाळावर बघ आधी."

नर्सबाईने मोबाइलमध्ये फोटो उघडून दिला. माझाच होता. त्या घराचा पॅसेज, दुपारचा उजेड, डावीकडे झोपायच्या खोलीचं दार. आणि त्याच्या पुढे, जिथे पॅसेज संपतो, तिथे आणखी एक अरुंद दार. अर्धवट उघडं. त्यातून उजेडाचा पट्टा फरशीवर पडलेला.

"मी घर बघायला आले तेव्हा इथे रंगाऱ्यांचं सामान रचलेलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, खोली त्यामागे असेल. आईंना बाहेर झोप लागत नाही. मी दिवसा झोपते, त्या रात्री जाग्या, आमचं गणितच बसत नाही. त्या खोलीसाठी तर घेतलं हो हे घर."

मी पॅसेजच्या टोकाशी गेले. पांढरी भिंत. हात लावला, थंडगार होती. बोटांनी वाजवून पाहिली, भरीव होती. मी इथे ट्रायपॉड लावला होता, हे मला आठवत होतं. दार आठवत नव्हतं. पण काम करताना मी भिंती सरळ आल्या की नाही ते बघते, त्यांच्यात काय आहे ते नाही.

"आरसा असेल," मी म्हणाले. "समोरच्या खोलीचं प्रतिबिंब."

"रिकाम्या घरात?"

 नर्सबाई पाणी आणायला गेली तेव्हा सासूबाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"त्या भिंतीपलीकडच्यांना जरा सांगशील का गं? दुपारी फार फर्निचर सरकवतात."

मी हो म्हटलं. खाली उतरल्यावर इमारतीला वळसा घालून त्या बाजूला गेले आणि वर पाहिलं. तिसरा मजला. तिची खिडकी ओळखता येत होती. तिच्या डावीकडे इमारतीची कड होती. कडेपलीकडे एक वीजवाहिनी, तिच्यावर कावळा, आणि मग नुसतं आभाळ.

४

त्यानंतर मी जुने फोटो उघडायला लागले. सुरुवातीच्या वर्षांतली घरं ठीक होती. नंतर कुठे खिडकी आणि भिंतीमधे वीतभर जागा, कुठे जिन्याला एक पायरी जास्त. डोळ्यांना खुपणार नाही असं. मग कोनाडे. मग एका स्वयंपाकघराला मागे आणखी एक स्वयंपाकघर, अंधारं. ज्या घरांच्या चाव्या मी स्वतःच्या हाताने फिरवल्या होत्या त्यांच्यात मी न पाहिलेल्या जागा होत्या, आणि जितका कॅमेरा जुना होत गेला तितक्या त्या वाढत गेल्या होत्या.

मी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खुर्ची मागे ढकलून उठला आणि मोजमापाची पट्टी घेऊन आला. तो थट्टेखोर असला तरी हाताने चोख माणूस आहे; कवळीत केसाएवढा फरक पडला तरी गिऱ्हाईक ती तोंडावर फेकतं. त्याने आमच्या पॅसेजचा फोटो लावला आणि फरश्या मोजायला सुरुवात केली. मग पॅसेजमध्ये जाऊन गुडघ्यांवर बसून मोजल्या. परत आला, पुन्हा स्क्रीनवर मोजल्या.

"जास्त आहेत," तो म्हणाला.

मी वाट बघत होते की आता काहीतरी विनोद करेल.

"विकून टाक तो," त्याने पट्टी गुंडाळली. "आजच. जुडगेकाका मागतायत ना?"

"अरे, त्यांना दिला तर ते गावभर घरांचे फोटो काढत सुटतील त्याने."

"काढू देत. तू इतकी वर्षं काढलेस, काय झालं?"

"तेच तर मला माहीत नाही."

"हे बघ. बिघडलेलं यंत्र आहे. बिघडलेलं यंत्र आपल्या घरात नको, एवढंच मी म्हणतोय."

"बिघडलेलं यंत्र दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं?"

"मग फोडून टाक!"

मी तेही केलं नाही. हातोडी घेऊन बसले होते, खोटं नाही सांगत. पण लेन्सच्या जागी लावलेलं झाकण, झिजलेलं रबर, आणि माझा अंगठा नेमका त्या खळग्यात बसतो तो. हात चालला नाही. शिवाय मनात एक वेडा विचार आला होता. हा फुटला तर त्या सगळ्या जागांचं काय होईल? त्या बंद होतील, की त्यांना बंद करणारं कोणी उरणार नाही?

मी कॅमेरा टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. काकांचे फोन येत राहिले, मी 'बघते, कळवते' करत राहिले. नवरा चहाचा कप जरा जोरात आपटायला लागला. आणि मला सवयच लागली, पॅसेजमधून जाताना डाव्या हाताने भिंत चाचपत जायची. चौकट, आणि लगेच चौकट. चौकट, आणि लगेच चौकट.

५

नर्सबाईचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते.

"ताई, मिळाली हो!" तिचा आवाज ओळखू येत नव्हता इतका मोकळा होता. "खोली. तुमचा फोटो बरोबर होता, मीच वेंधळी. आईंना हलवलंसुद्धा तिकडे. इतक्या खूश आहेत, बाहेर यायचं नाव नाही."

मी भाजीची पिशवी तिथेच दुकानदाराकडे ठेवली आणि निघाले.

दार उघडणारी नर्सबाई छान झोप झालेल्या माणसासारखी दिसत होती. बाहेरच्या खोलीतला पलंग नव्हता. त्याच्या चार पायांचे चार ठसे तेवढे जमिनीवर.

"आईंना बोलवा ना जरा बाहेर," मी म्हणाले. "भेटायचं होतं."

"त्यांनाच यायचं नाहीये हो. कालपासून जेवायलाही आल्या नाहीत. आत मिळतं म्हणाल्या."

"कोण देतं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं. मग हातात पाण्याचा तांब्या घेऊन पॅसेजमध्ये शिरली. मी मागोमाग. पॅसेजच्या टोकाला पांढरी भिंत होती. मी ती समोर बघत होते. थेट समोर. भिंत होती.

"तुम्ही जरा सरकता का?" नर्सबाई म्हणाली. "दार तुमच्या बाजूला उघडतं."

मी सरकले. बाजूच्या भिंतीला पाठ लावली आणि का कोण जाणे, मान खाली घातली. एक बिजागरी कुरकुरली. माझ्या पायांवर उजेड आला. दुपारचा, पिवळसर, एका पट्ट्यासारखा. नर्सबाईच्या चपला माझ्या चपलांसमोरून पुढे गेल्या, जिथे भिंत सुरू होते त्याच्या पुढे, आणि दिसेनाशा झाल्या.

हवा आली. बंद राहिलेल्या घराची असते तशी नाही. राहत्या घराची.

"कोण आलंय गं?" सासूबाईंचा आवाज. पण कुठून! एखाद्या लांबलचक व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून ओरडल्यासारखा बारीक.

 नर्सबाईच्या चपला अजून चालतच होत्या.

उत्तर दिलं ते दुसऱ्याच कोणीतरी. दाराच्या अगदी आत, माझ्या खांद्याजवळून, बाई की पुरुष ते सांगता येणार नाही अशा, घरच्यासारख्या आवाजात.

"फोटोवाली."

मी वर पाहिलं नाही. भिंतीला पाठ घासत बाहेरच्या खोलीपर्यंत आले आणि मग पळाले.

६

वाटेतच माझं ठरलं होतं. कॅमेरा विकायचा नाही, ठेवायचाही नाही. आज तो मी स्वतःच्या हाताने फोडणार होते, आणि मग जुडगेकाकांना घेऊन त्या घरी परत जाणार होते. त्यांच्याकडे सगळ्या किल्ल्या असतात. वेडगळ विचार, पण हातात काहीतरी करण्यासारखं आहे, एवढ्यानेच मला जिना चढता आला.

घरात शिरले तर कपाट उघडं. टॉवेल घडी घालून ठेवलेला.

"अरे, कॅमेरा कुठाय?"

मागच्या खोलीतून नवऱ्याच्या मोटरची घरघर येत होती. ती थांबली. "गेला!" तो आनंदाने ओरडला. "जुडगेकाका आले होते. तुझ्याने होणार नव्हतं, म्हणून मीच सोक्षमोक्ष लावला. पाप माझ्या माथी, झालं?"

मी पॅसेजच्या तोंडाशी भिंतीला धरून उभी राहिले. "आत्ता गेले?"

"मघाशी. तुझी लेन्स लावून चालतो की नाही बघितला आधी. मला म्हणाले, तुम्ही काम करत राहा, काढतो एक. हातात कवळी धरून असा हसलोय म्हणून सांगू! तुला पाठवतो म्हणाले."

मोबाइल वाजला तो तेवढ्यात, माझ्या हातात.

फोटोत नवरा टेबलाशी बसलेला होता, हातात कवळी, स्वतःचे आणि परक्याचे असे सगळे दात काढून हसत. फोटो नीट होता, जरासा कलता. त्याच्या पाठीमागची भिंत, जिच्यावर साच्यांची फळी आहे, जी त्याच्या खुर्चीला जवळजवळ टेकते, ती फोटोत होती. फळीही होती. पण इतकी लांब, इतकी लहान, की तिच्यावरचे साचे तांदळाच्या दाण्यांसारखे दिसत होते. मधे फरशीच फरशी पसरली होती.

"ऐक," मी म्हणाले. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "काम राहू दे. आधी बाहेर ये."

"काय झालं?"

"काही नाही. ये."

"आलो, आलो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्याची खोली एवढीशी आहे, खुर्चीतून उठलं की माणूस दारातच उभा राहतो. मी त्या दाराकडे बघत राहिले. ते लोटलेलं होतं. आतून पावलं ऐकू येत होती, त्याच्या घरातल्या चपलांची फटक्‌ फटक्‌. येत होती. येतच होती.

"बोलत राहा," मी म्हणाले. "माझ्याशी बोल."

"काय बोलू? राग आला असेल तर चिडून घे एकदाचं." फटक्‌ फटक्‌. "अगं, कुठे उभी आहेस तू?"

"पॅसेजमध्ये. दाराशी."

"मला वाटलं लांब आहेस." थोडा वेळ नुसती पावलं. तो दमला होता, श्वासावरून कळत होतं. मग तो पुन्हा बोलला. पण माझ्याशी नाही. पाहुण्याशी बोलतो तसा, आवाज मऊ करून. "हो, हो. दोघंच असतो आम्ही इथे."

नर्सबाईच्या घरी मी मान खाली घातली होती. इथे घालता येणार नव्हती. मी दारापर्यंत गेले, ते ढकललं आणि समोर पाहिलं.

खूप लांबवर, त्याच्या कामाच्या दिव्याचा ठिपका होता. त्याच्या अलीकडे तो चालत येत होता, बोटाएवढा. त्याच्या शेजारून, पावलाला पाऊल लावत, त्याच्याच उंचीचं कोणीतरी येत होतं. दोघांपैकी कोणता माझा, ते तिथून कळत नव्हतं.

मी नावाने हाक मारली.

दोघांनीही ओ दिली.